आजींची पूर्ण फाईल

अमेरिकेत, पिस्कॅटवेला, आमच्या खालच्या मजल्यावर एक आयरिश बाई एकट्या राहायच्या. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. सातव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत त्या आयर्लंडमधल्या एका अनाथाश्रमात होत्या. तिथल्या एका बाईने कानफटात मारल्यापासून त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे. आम्ही नेहमी त्यांच्या उजवीकडे बसायचो.

अशा मुलांना भरपाई देण्याची योजना तिकडच्या सरकारने काढली होती. आजींना ते कळलं तेव्हा, म्हणजे २००५ मध्ये, मुदतीला पाच महिने उरले होते. अर्ज घेऊन त्या माझ्याकडे आल्या. कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या लोकांच्या व्हिसाच्या फायली मी लावून दिल्या होत्या. कागदपत्रांत माझा हात धरणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

"पैसे नाही दिले तरी चालतील," आजी म्हणाल्या. "ते खरंच घडलं, एवढं कुणीतरी लिहून द्यावं."

एका रविवारी त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. बायको मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

फक्त आश्रमाच्या रजिस्टरचा उतारा यायचा होता. आहे ते पाठवा, उरलेलं मागाहून चालेल, असं अर्जावर स्वच्छ छापलं होतं. मी ते वाचलं होतं. पण एका कागदापायी परत आलेल्या फायली मी पाहिल्या होत्या. सरकारी 'चालेल'वर माझा काडीचा विश्वास नव्हता.

"अरे, फॉर्म तर सेंड कर," बायको म्हणाली. "बाकीचं नंतर अटॅच करता येईल ना."

मी तिच्यावर खेकसलो. तुला यातलं काय कळतं, असंही म्हणालो. शेवटच्या आठवड्यात मात्र माझा देशी स्वभाव जागा झाला. मुदत वाढेलच, आपल्याकडे कधी वाढली नाही? आजी रोज जिन्यात विचारायच्या आणि मी रोज त्यांना धीर धरायला सांगायचो.

मुदत काही वाढली नाही. त्यानंतर सहा आठवड्यांनी उतारा आला. एकच ओळ होती: नाव, नंबर, वय सात. मी फाईल सुरेख लावून, विलंबाबद्दल माफी मागून पाठवली. उत्तर दोन ओळींचं आलं. ते घेऊन मी खाली गेलो आणि आजींना वाचून दाखवलं.

"मी खोटं बोलते, असं म्हणतात का ते?"

"नाही. उशीर झाला म्हणतात."

"मी तर वेळेत आले होते."

"हो. उशीर मी केला."

त्यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी घातली आणि खुर्ची फिरवून डावा कान माझ्याकडे केला. मी आणखी बरंच काही बोललो. त्यातलं त्यांना काही ऐकू आलं नाही.