बादलीकाकांचा अंगठा

माशांच्या टाकीतून एका वेळी एकच बादली पाणी काढायचं, हा बादलीकाकांचा कायदा. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. टाकी वकिलाच्या ऑफिसातली असो की कुणाच्या दिवाणखान्यातली, तळाच्या खड्यांत कितीही घाण साचलेली असो, बादली एकच. कुणी म्हणालंच, "काका, सगळं पाणी काढून एकदाच घासून टाका ना," की काका त्याच्याकडे असं बघत, जणू त्यानं तान्ह्या बाळाला वॉशिंग मशीनमध्ये घालायला सांगितलंय.

"अहो, माशाला त्याच पाण्याची सवय असते," ते समजावत. "घर झाडायचं म्हणून आपण घरातली हवा फेकून देतो का?"

काम दिसायला सोपं होतं. पारदर्शक नळी, एका टोकाला रुंद तोंड, दुसरं टोक खाली बादलीत. डाव्या हातानं ते तोंड खड्यांत खुपसायचं. पाणी ओढलं जातं, खडे नळीच्या तोंडात नाचायला लागतात, घाण वर चढून बादलीकडे निघते. ती निघाली रे निघाली की बादलीकडचं टोक उजव्या अंगठ्यानं दाबायचं. पाणी थांबतं, खडे खाली बसतात, आणि तोंड पुढच्या जागी. सोड, दाब, सोड, दाब. एका बादलीत अख्खा तळ स्वच्छ. सगळी करामत त्या अंगठ्याची.

आणि तोच अंगठा गेले तीन महिने संपावर होता. सांध्यात कळ यायची, दाब धड बसायचा नाही, कसंबसं निभत होतं. अंगठा गेला म्हणजे काम गेलं, आणि काम गेलं म्हणजे दिवसभर घरी बसून भिंती मोजायच्या. म्हणून काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत चार पेशंट गाल धरून बसले होते. टाकीत दहा वर्षांचा एक जाडजूड गोल्डफिश होता. काही न करता दिवसभर सगळीकडे फेरी मारायचा, म्हणून काका त्याला 'मॅनेजर' म्हणत. पेशंट बघतायत म्हटल्यावर काकांना चेव आला. नळी खड्यांत घालून त्यांनी भाषण सुरू केलं. बादली काठोकाठ आली, त्यांनी ऐटीत अंगठा दाबला, आणि अंगठ्यानं त्यांनाच अंगठा दाखवला. पाणी थांबेचना.

आता नळीचं तोंड टाकीतून वर उचललं असतं तरी पाणी थांबलं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तोंड उचललं की आतली घाण परत टाकीत सांडते, आणि तसं फक्त नवशिके करतात. चाळीस वर्षांत काकांनी एकदाही उचललं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

"बाई, दुसरी बादली!" ते ओरडले.

काउंटरवरच्या बाई धावत आल्या आणि त्यांनी हाताला लागली ती बादली नळीखाली सरकवली. ती फरशी पुसायची होती. खोलीभर फिनेलचा वास सुटला. दुसरी बादलीही भरत आली, टाकी अर्ध्यावर आली, मॅनेजर साहेब फेरी सोडून कोपऱ्यात दडून बसले. शेवटी बाईंनीच वाकून नळी दुमडली आणि घट्ट धरली. पाणी थांबलं.

"काका, अंगठा दुखतोय ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मागच्या वेळीच दिसलं होतं मला."

काकांचा चेहरा पडला. पण रडायला वेळ नव्हता. फिनेलचं पाणी मोरीत ओतण्यावाचून इलाज नव्हता. त्याच्या बदली, क्लोरीन उडून जावं म्हणून कालपासून भरून ठेवलेली शिळ्या पाण्याची बादली मोरीपाशी होती. ती टाकीत गेली. उरलेली जागा भरायला ताजं नळाचं पाणी घातलं असतं तर म्हातारा मासा दगावला असता. मग पहिल्या बादलीतलं मळकं पाणीच गाळून परत घालायचं ठरलं. दाढ सुजलेल्या एका आजोबांनी गालाला धरलेला धुतलेला पंचा काढून दिला. दोन पेशंटनी तो टाकीवर ताणून धरला, आणि काका मगानं थोडं थोडं पाणी ओतू लागले. आतून डॉक्टरांनी दोनदा हाक मारली, "नेक्स्ट!" कुणी हललं नाही. टाकी भरली. थोड्या वेळानं मॅनेजर पुन्हा फेरीवर निघाला, तेव्हा आजोबा दुखऱ्या गालानिशी हसले.

काका मात्र पाय ओढत घरी गेले आणि बायकोसमोर हात पुढे केला. "हा चालत नाहीये."

"माहितीये," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "तीन महिने शर्टाचं वरचं बटण उघडं. मला आधी वाटलं, या वयात फॅशन सुचली की काय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." मग तिनं देठ मोडला आणि ती म्हणाली, "उद्यापासून मी येते. नळी मी दाबते."

"तुला जमणार आहे का ते? कुठं थांबायचं ते कळावं लागतं."

"चाळीस वर्षं तुम्हाला कुठं थांबायचं ते कोण सांगतंय?"

काकांनी पिशवीतली नळी काढून तिच्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वकिलाच्या ऑफिसात दोघं गेली. वकिलानं फायलीतून मान वर केली. "आज वहिनी पण?"

'सहज आलीय' असं सांगायचं काकांनी वाटेतच ठरवलं होतं. पण बायको नळीचं टोक धरून शेजारी बसलेली बघितली आणि तोंडून भलतंच निघालं. "माझा अंगठा गेलाय. आता आम्ही दोघं मिळून करतो."

"बरं," वकील म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

तीन महिने जीव मुठीत धरून सांभाळलेलं गुपित, आणि त्याला नुसतं 'बरं'! काकांना खरं तर रागच आला. मग छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि बायकोनं टोकावरचा अंगठा उचलून पाणी सोडल्यावर ते दोन्ही हातांनी नळीचं तोंड धरून खड्यांत शिरले.