पुलाआधीची एक ओळ

टीव्हीला जोडून खेळायचा मोठा गेम एका जुन्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर बसवायचं काम आमच्याकडे आलं होतं. मेमरी पुरेना, म्हणून आम्ही झाडं छाटली, सावल्या काढल्या, गर्दी निम्मी केली. तरी गेममधलं बदक लाकडी पुलावर आलं की सगळं हँग व्हायचं. नेमकं कुठे अडतंय ते कळावं म्हणून मी कोडमध्ये एक ओळ टाकली, 'पूल आला' एवढीच नोंद करणारी. आणि च्यायला, हँग होणं थांबलं! ओळ काढली की पुन्हा हँग. कारण कुणालाच सापडेना. शेवटी ती ओळ तशीच ठेवून गेम बाजारात गेला.

परवा चाकणची शिफ्ट संपवून थोरला भाऊ माझ्या मारुंजीच्या खोलीवर आला आणि तोच गेम खेळत बसला. बदक पुलाकडे निघालं तसा मी उठून त्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकलो.

"लहान पोरांचा गेम आहे राव, घाबरतोस काय एवढा?" तो हसला.

बदक आरामात पलीकडे गेलं. भावाने टाळीसाठी हात पुढे केला. मी अजून पुलाकडेच बघत होतो. गेम बंद पडला असता, तर निदान कारण शोधायला काहीतरी मिळालं असतं.