टॅबवरची शून्यं आणि सुनंदाताई

सकाळी रुग्णालयात पोहोचून मी नुकताच संगणक सुरू केला होता, तेवढ्यात ताईंच्या यजमानांचा फोन आला. "सुनंदा गेली गं…" एवढंच म्हणाले. समोर पेशंट बसले होते. त्यांना थांबायला सांगून मी औषधांच्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

सुनंदाताई नाशिकच्या आमच्या रुग्णालयात कितीतरी वर्षं परिचारिका होत्या. नव्या औषधांच्या चाचण्या सुरू झाल्यावर त्यांना त्या विभागात घेतलं. मी तिथे माहिती भरायला होते. आधी सगळं कागदावर चालायचं. मग रक्तदाबाच्या एका औषधाच्या चाचणीत प्रत्येक पेशंटला घरी न्यायला टॅब मिळाला. रोज सकाळी किती त्रास होतोय ते शून्य ते दहा आकड्यांत नोंदवायचं, की नोंद थेट आमच्या पडद्यावर. मला त्याचं भारी कौतुक. ताईंना आधी धास्तीच वाटली होती, पण आठवड्याभरात त्या थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांना बोट धरून शिकवायला लागल्या.

दिंडोरीजवळच्या एका गावातल्या ठकूबाई आजींच्या नोंदी तीन आठवडे रोज शून्य येत होत्या. मी म्हटलं, "ताई, यांना औषध छान मानवलंय." ताई पडद्याकडे बघत राहिल्या. "सत्तरीतल्या बाईला तीन आठवडे एकदाही काही झालं नाही? मला नाही पटत." दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या एसटीने गावात गेल्या.

आजी ओट्यावर बसल्या होत्या. टॅब सुनेकडे होता. ताईंनी आजींचा हात हातात घेतला आणि कसं वाटतं ते विचारलं. "लय गरगरतं बाई सकाळी. भिंत धरल्याबिगर उठता येत नाय. परवा मोरीत पडता पडता वाचले." सून रडायलाच लागली. "ताई, मीच भरत होते. त्रास लिहिला तर आईंना काढून टाकतील, औषध बंद होईल, असं वाटलं." मला तिचा राग आला होता. ताई तिच्याजवळ बसल्या. "चूक आमची आहे गं. तुला नीट सांगायला हवं होतं." तिथूनच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि आजींना आमच्याबरोबर रुग्णालयात आणलं. रक्तदाब फार खाली गेलेला होता.

खरं वादळ पुढे उठलं. त्या नोंदी पेशंटने भरलेल्या नाहीत असं औषध कंपनीला कळवलं, तर आमच्याकडची चाचणी थांबण्याची शक्यता होती. डॉक्टर वैतागले, "आजी बऱ्या आहेत ना आता? मग हे कळवायलाच हवं का?" ताईंचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "सर, त्या शून्यांवर विसंबून उद्या कुणाला तरी हीच गोळी देतील."

त्यांनी कळवलं. नवे पेशंट घेणं दोन महिने थांबलं. विभागातले काहीजण ताईंशी धड बोलेनात. त्या काळात त्यांनी एकेका पेशंटला बोलावून पुन्हा विचारलं, तेव्हा आणखी दोघांना तशीच चक्कर येत असल्याचं निघालं. तिघांचाही डोस कमी झाला. ठकूबाई आजी आजही शेतावर जाऊन येतात.

…आणि ह्याच ताईंनी स्वतःचं दुखणं आम्हाला कळू दिलं नाही. जिना चढताना त्या मध्येच थांबायच्या, फोन बघितल्यासारखं करायच्या. एकदा मी विचारलं, "ताई, बरं वाटतंय ना?" त्या हसल्या. "शून्य लिही." मीही हसले आणि कामाला लागले. त्यांच्याबरोबर दिंडोरीला गेलेली मी… मलाही ते शून्य पटलं. निदान झालं तेव्हा फुप्फुसाचा आजार फार पुढे गेला होता.

गेल्या आठवड्यात ताईंचं संगणकावरचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. कारण निवडल्याशिवाय पान पुढे जात नाही. बदली, राजीनामा, निवृत्ती, इतर. मी 'इतर' निवडलं. खाली खुलासा मागणारी चौकट उघडली. तिच्यात 'ताई गेल्या' असं लिहिलं, पुसलं, पुन्हा तेच लिहिलं. खातं बंद झालं. मग त्या जुन्या चाचणीतलं आजींचं पान उघडून पाहिलं. ताईंची नोंद तशीच होती, शेजारी त्यांचं नाव, तारीख, वेळ आणि पुढे त्यांचे शब्द: "रुग्णाला घरी जाऊन स्वतः विचारले." ती नोंद आता कुणालाच बदलता येणार नाही.