माझ्या मुलीला चालावं लागू नये म्हणून

माझी मुलगी काडीपैलवान आहे आणि मला त्याचा अभिमान होता. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत तिच्या वयाची बरीच मुलं अंगानं सुटलेली. त्यांच्या आया लिफ्टमध्ये डाएटचं बोलायच्या आणि मी मनातल्या मनात हसायचो. आपल्या घरी हा प्रश्नच नाही, असं बायकोला तोऱ्यात सांगायचो.

यंदा ती नववीत. शाळेनं उत्तराखंडात चार दिवसांचा ट्रेक काढला. दहावीच्या कटकटीआधी तिला एवढी एकच गोष्ट हवी होती. त्यासाठी मुलांची तपासणी होती आणि पालकांनी हजर राहायचं होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो.

यंत्र वजनकाट्यासारखंच, फक्त त्यावर अनवाणी उभं राहायचं. शरीरात चरबी किती, स्नायू किती, ते कागदावर छापून येतं. तिच्या कागदावर चरबीचा रकाना लाल आला, म्हणजे प्रमाणाबाहेर. मी खेळाच्या सरांना म्हणालो, "मशीन खराब है सर. आप इसको देखिए तो सही." त्यांनी शांतपणे तिला पुन्हा उभं केलं. पुन्हा लाल.

"वजन ठीक है," सर म्हणाले, "पर मसल है ही नहीं. बच्ची कुछ चलती-फिरती है कि नहीं?"

मग तीन मिनिटं पायरी चढ-उतर करायची होती. एका मिनिटातच ती भिंतीला टेकली, ओठ पांढरे पडलेले. तिच्यामागे आमच्याच सोसायटीतली एक जाडजूड मुलगी होती. तिनं तीन मिनिटं पूर्ण केली आणि पाणी प्यायला निघून गेली. ती रोज बॅडमिंटन खेळते, हे मला तिथे कळलं. मी आधी संतापलो, पण तो संताप टिकला नाही.

कारण सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. मी वर्ध्याजवळच्या खेड्यातला. शाळा दोन कोसांवर, तापलेल्या डांबरावरून अनवाणी जायचं. दिल्लीत सरकारी नोकरी लागली त्या दिवशीच ठरवलं, माझ्या लेकराला एक पाऊलही पायी चालावं लागणार नाही. आणि मी ते पाळलं. शाळेत सोडायला स्कूटर. ट्यूशन समोरच्या गल्लीत, तिथेही स्कूटर. खो-खो खेळताना गुडघा फुटला तेव्हा हिला खेळातून सूट द्या, अशी चिठ्ठी मीच शाळेला लिहिली. हिवाळ्यात हवा वाईट म्हणून घरात, उन्हाळ्यात ऊन म्हणून घरात. वर जेवताना माझ्या पायपिटीच्या गोष्टी तिला चवीनं सांगायचो. माझ्या लाडानं पोरीची ही दशा केली होती आणि मी मशीनला दोष देत होतो.

ट्रेकच्या यादीत तिचं नाव आलं नाही. दोन महिने रोज चालवा, मग पुन्हा बघू, असं सर म्हणाले. ती रडली नाही. गेटबाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, आज चालत जाऊ या ना. स्कूटर राहू दे इथेच."

घर जेमतेम दोन किलोमीटर. पन्नाशीचा मी पुढे चालत होतो आणि मला दमही लागला नव्हता. ती मागे, दोनदा थांबली. मग मोठा रस्ता आला. गाड्या सुसाट येत होत्या. सवयीनं मी मधली जागा बघून झटकन पलीकडे गेलो आणि वळून पाहिलं, तर ती अलीकडेच. पंधरा वर्षांची माझी मुलगी फुटपाथच्या कडेवरून एक पाय खाली टाकत होती आणि मागे घेत होती. माझा फोन वाजला. तिचाच होता.

"बाबा," ती म्हणाली, "मला कळत नाहीये. कधी निघायचं असतं?"