दोनशे बारा नंबरची जास्वंद

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घालून आमच्या मामांनी नापास न केलेली एक वस्तू कुणी शोधून आणली, तर मी त्याला माझ्या खर्चानं पोटभर भेळ खाऊ घालायला तयार आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. माधवनगरच्या एका कापडगिरणीत ते तपासनीस होते. तयार झालेलं ठाण उजेडापुढून सरकवत न्यायचं आणि तुटका धागा, तेलाचा डाग किंवा विरळ वीण दिसली की खडूनं फुली मारायची, हे काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून गिरणी बंद पडेपर्यंत केलं. गिरणी गेली तरी फुल्या मारणं काही थांबलं नाही. भाजीवालीची मेथी, शेजाऱ्यांनी घराला दिलेला रंग, टीव्हीवर ओरडणारा बातमीदार, लग्नातला मठ्ठा, सगळं ते एक डोळा बारीक करून पाहतात आणि जागेवर निकाल देतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मामा मला पाहायला साताऱ्याला आले होते. त्यांनी मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि माझ्या भावी सासऱ्यांना माझ्यादेखत सांगितलं, "पोरगं बरं हाय, पन वीण जरा सैल हाय." सासऱ्यांनी तरीही माल उचलला, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

गिरणी बंद झाल्यावर काही वर्षं मामा नुसते दारात बसून असत. येणाऱ्याजाणाऱ्याला नापास करण्यात दिवस जाई. एकदा साताऱ्याला आमच्याकडे आले असताना मी त्यांना गावाबाहेरच्या एका मोठ्या नर्सरीत घेऊन गेलो. मला गॅलरीत ठेवायला एक जास्वंद हवी होती. मामांनी ओळीनं सगळ्या कुंड्या पाहिल्या आणि "ही लांबोडकी, ही टकली, हिला नुसती पानंच" असा मोठ्या आवाजात निकाल लावत निघाले. नर्सरीच्या मालकीणबाई मागेच उभ्या होत्या. बाई कडक. त्या म्हणाल्या, "मामा, फुली मारायला काय लागतं? तुम्ही एक झाड तयार करून आणा. लालभडक फूल, झाड गुडघ्याच्या खाली, लहान कुंडीत भरगच्च, आणि मुख्य म्हणजे ट्रकमधून हिंदकळत गेलं तरी एक कळी गळता कामा नये. आमची निम्मी जास्वंद दुकानात पोचेपर्यंत कळ्या टाकते. तुमचं झाड पास झालं तर गणपतीच्या हंगामाला माझ्या सगळ्या शेडमध्ये तेच लावीन." मी मामांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पेपर दिला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते माधवनगरला गेले.

त्या दिवसापासून अकरा वर्षं या माणसानं जास्वंदीशिवाय दुसरा विषय काढला नाही. सकाळी फुलं उमलली की हातात लहान मुलांच्या चित्रकलेचा ब्रश घेऊन ते एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावत. हे करताना श्वास रोखून धरत, आणि आपल्यालाही धरायला लावत. मग त्या फुलाच्या देठाला रंगीत सूत बांधायचं. गिरणीतून आणलेली सुताची बंडलं त्यांच्या माळ्यावर अजून पडलेली आहेत. निळं सूत म्हणजे बाप अमुक, पिवळं म्हणजे बाप तमुक. फळ धरलं की त्याचं बोंड वाळेपर्यंत मामा दिवसातून चारदा त्याची विचारपूस करत. एका बोंडात पंधरावीस बिया, आणि एकेका बीचं झाड असं वेगळं निघे की सख्खी भावंडं म्हणून सांगितलं तर कुणाचा विश्वास बसू नये. फूल दिसायला वर्ष-दीड वर्ष थांबायचं आणि दिसलं की बहुतेक वेळा नापास करायचं! अंगणात गोडेतेलाचे डबे, रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, सगळ्यांत जास्वंदी आणि सगळ्यांवर खडूनं नंबर. पाहुण्यानं चप्पल कुठं काढायची हा प्रश्न पडे. नापास झाडं मामा फेकत नसत. ती मागणाऱ्याला द्यायची, पण देताना त्याचा दोष सांगायचा. "न्या, पन ही आळशी हाय बगा," असं ऐकून कितीतरी लोक कुंडी घेऊन गेले आहेत.

ज्या झाडाची उंची, फांद्या आणि फूल मनासारखं निघे, ते शेवटच्या परीक्षेला बसे. ही परीक्षा एसटीत होई. मामांकडे ट्रक कुठला असायला? त्यांनी सांगली-सातारा गाडी निवडली, तीही विटा, पुसेसावळी, रहिमतपूरकडून जाणारी. कऱ्हाडकडून हमरस्त्यानं का जात नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडनं पोटातलं पानीसुद्धा हलत न्हाई. त्यो काय पेपर झाला?" झाडाच्या कळ्या मोजायच्या, खोक्यात बंद करायचं, गाडीच्या अगदी मागच्या बाकावर ठेवायचं आणि शेजारी आपण बसायचं. साताऱ्याला उतरून आमच्याकडे चहा घ्यायचा आणि परतीच्या गाडीनं माघारी. मग झाड अंगणातल्या कट्ट्यावर दोन दिवस मोकळं ठेवायचं, कारण धक्क्यानं गळणारी कळी लगेच गळत नाही, दोन दिवस विचार करते, असं मामांचं म्हणणं. तिसऱ्या सकाळी शेवटची मोजणी. उमललेली, मिटलेली, सुकलेली सगळी धरून आकडा जमला तर पास. एक जरी कमी भरली तरी जाड वहीत लिहायचं, "कळी गळ. नापास."

अकरा वर्षांत चौतीस झाडं या परीक्षेला बसली आणि चौतीसच्या चौतीस नापास झाली. कधी एक कळी कमी, कधी दोन. त्या मार्गावरचे कंडक्टर मामांना ओळखू लागले होते. त्यातला रहिमतपूरचा एक कंडक्टर तर खोकं दिसलं की विचारी, "मामा, आज कोन बसलंय परीक्षेला?" आणि वर म्हणे, "नापास झालं तर मला द्या बरं का."

मागच्या वर्षी दोनशे बारा नंबरला फूल आलं आणि मामांनी मला फोनवर सांगितलं, "जावईबापू, रजा टाका." मी धावत गेलो. काय झाड होतं! गुडघाभर उंची, डवरलेल्या फांद्या, आणि पानापानाआडून डोकावणाऱ्या कळ्या. नर्सरीच्या बाई स्वतः गाडी घेऊन माधवनगरला येऊन गेल्या. झाडाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाल्या, "एवढं कळ्या धरून राहू दे, मामा. औंदा मी शेड रिकामी ठेवते." मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "हे गेलं तर नवं झाड उभं करायला आता माझ्याकडं वरसं न्हाईत," असं ते मला अंगणात म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून असलं बोलणं ऐकायची सवय नसल्यामुळे मी उगाच आभाळाकडे पाहत राहिलो.

दोनशे बारा एसटीत बसलं, साताऱ्याला आलं, चहाला थांबलं, परत गेलं. शेवटच्या मोजणीला मी मुद्दाम माझी गाडी घेऊन माधवनगरला पोचलो. निघताना एकोणीस कळ्या होत्या. मामांनी मोजल्या. मी मोजल्या. पुन्हा मामांनी मोजल्या. सतरा. मामांनी वही उघडली, नेहमीचे तीन शब्द लिहिले, कुंडी उचलली आणि स्कूटरवर पायाशी ठेवून थेट स्टँडवर नेऊन त्या रहिमतपूरच्या कंडक्टरला देऊन आले. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात. मला वाईट वाटायलाही सवड मिळाली नाही.

जेवायला बसलो. मामींनी मला फ्रिजमधून ताक घ्यायला सांगितलं. ताकाच्या मागे स्टीलचा एक लहान डबा होता. लोणी असेल म्हणून उघडला, तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली जास्वंदीची टपोरी कळी!

"मामी, ही कशाची?"

"देवाची हाय. राहू दे. उद्या सकाळच्याला उमलंल."

"पण कुठल्या झाडाची?"

"दोनशे बाराची," मामी सहज म्हणाल्या. "परवा एक तोडली, ती काल वाहिली. ही कालच्या सांजची."

मामांचा घास हातातच राहिला. मामी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत म्हणाल्या, "आवं, असं काय बगताय? ज्या झाडाची परीक्षा आसंल त्याचीच कळी मी गणपतीला वाहते. त्याला यश दे म्हनून. पयल्यापास्नं."

मी मनातल्या मनात चौतीस मोजले. मामा बहुधा एकेक नंबर आठवत असावेत. आता घर डोक्यावर घेणार, अशी मी तयारी करून बसलो होतो, पण मामा ताटावरून उठले आणि एवढंच म्हणाले, "जावईबापू, गाडी काडा."

पुढचा दीड तास मी गाडी कशी चालवली ते माझं मलाच ठाऊक. मामा पुढे, मामी मागे. मामींनी गाडीचं दार लावायच्या आत देवाला हात जोडले, ते मामांनी आरशातून पाहिलं आणि तोंड फिरवलं. तासगाव मागे पडलं. मग मामा समोर बघतच म्हणाले, "आगं, पन परीक्षा कळ्यांचीच हुती."

"मला काय ठावं?" मामी रडवेल्या झाल्या. "मला वाटलं तुमी पानं मोजताय. रोज सकाळी झाडते तवा एक कळी खाली पडल्याली दिसली न्हाई मला. इचारलं आसतं तर सांगितलं नसतं व्हय?"

अख्ख्या कापडात तुटलेला एक धागा दहा फुटांवरून दिसणाऱ्या माणसानं घरातल्या माणसाला अकरा वर्षांत हे एकदाही विचारलं नव्हतं. मी ॲक्सिलरेटर दाबला.

विट्याच्या स्टँडवर एसटी सुटण्याच्या बेतात सापडली. मी आडवा हात करून थांबवली, मामा दारातून वर चढले. कंडक्टरच्या पायाशी दोनशे बारा मोकळंच उभं होतं, खोकं नाही, काही नाही, वर कुणीतरी पिशवी टेकवलेली. "मामा, नापास झालं न्हवं?" कंडक्टर घाबरून म्हणाला. मी कसंबसं सांगितलं की मोजणी चुकली आहे, पुन्हा मोजायचं आहे. एवढं ऐकल्यावर काय विचारता! एका धनगर म्हाताऱ्यानं कुंडी मांडीवर घेतली, कॉलेजच्या दोन मुलींनी पानं बाजूला धरली, आणि मामांचं बोट फिरेल तसे सगळे उतारू मोठ्यानं आकडे म्हणू लागले. चौदा, पंधरा, सोळा, सतरा! ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मामी खाली उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. कंडक्टरनं कुंडी दिली, पण "कलम आलं की माझं एक" हे वदवून घेऊनच घंटी मारली.

मामांनी तेवढ्यावर पास केलं असतं तर ते मामा कसले? त्यांनी पुन्हा रीतसर परीक्षा घेतली. त्या तीन दिवसांत मामींनी गणपतीपुढे नुसत्या दूर्वा वाहिल्या आणि त्याला कारणही समजावून सांगितलं. तिसऱ्या सकाळी आकडा जसाच्या तसा भरला. वहीत "पास" मामांनी इतकं दाबून लिहिलं की तो शब्द खालच्या दोन पानांवर उमटला. नर्सरीच्या बाईंनी शब्द पाळला. दोनशे बाराच्या कलमांनी त्यांच्या शेड भरल्या, आणि गणपतीच्या आधी साताऱ्याच्या बाजारात त्या लाल कुंड्यांच्या रांगा लागलेल्या पाहून मी अनोळखी माणसांना थांबवून सांगत सुटलो होतो की ही आमच्या मामांची. लोकांना मी नर्सरीचा विक्रेता वाटलो. वाटेना का!

मामा मात्र आता वही घेऊन फिरतात. चौतीस झाडं कुणाकुणाला दिली ते आठवून आठवून त्यांच्या दारात जातात. बरीचशी मेली आहेत. कुणाची शेळीनं खाल्ली, कुणी घर बांधताना उपटली. जिथं झाड नाही तिथं मामा चहाला नको म्हणतात आणि लगेच उठतात. मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर माण तालुक्यातल्या एका वाडीत गेलो होतो. तिथल्या एका मेंढपाळाच्या घरी त्यांचं सत्त्याऐंशी नंबर भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर जगलं होतं. फुललं होतं. मामांनी वहीतली जुनी ओळ खोडली, आणि बुंध्याशी साचलेलं खरकटं बोटानं बाजूला केलं. घरातल्या म्हातारीनं निघताना त्यांना एक कळी तोडून दिली. "देवाला न्या," म्हणाली. मला वाटलं आता हे तिच्यावर खेकसणार. मामांनी ती कळी ओल्या रुमालात घेतली आणि माधवनगरपर्यंत हातातून खाली ठेवली नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी ती मामींच्या हातात दिली. मामी गोंधळल्या. म्हणाल्या, "आवं, आता कुनासाठी वाहू? तुमचं झाड पास झालं की."

मामा पायरीवर बसून चपला काढत होते. वर न बघता म्हणाले, "जी शोधायची ऱ्हायली, त्यांच्यासाठी वाह."