रविवार मोकळा

तासगावहून सांगलीला येताना एसटीत माझ्या शेजारी एक बेदाण्याचे व्यापारी बसले होते. गाडी सुटताच त्यांना डुलकी लागली. बरोबर आठ वाजता मोबाइल वाजला आणि ते डोळे न उघडताच म्हणाले, "गेला सुविचार."

मग त्यांनी सांगितलं: त्यांच्या दुकानाच्या फेसबुक पेजवर रोज सकाळी आठला सुविचार, दुपारी एकला बेदाण्याचा फोटो, संध्याकाळी सातला शुभेच्छा. महिन्याचं एकदम भरून ठेवायचं, मग सगळं आपोआप जातं.

"आजचा सुविचार काय आहे?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? तुमीच वाचा की."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी वाचला: 'जो जागा राहिला, तो जिंकला.' मला हसू फुटलं, तेही मनापासून हसले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "गेल्या साली आठ दिस दवाखान्यात हुतो. कोन बघाय आलं न्हाई. सकाळी सुविचार आला म्हंजे शेठ ठणठणीत, असं समद्यांना वाटलं."

"मग बंद का नाही केलंत?"

"धंदा हाय न्हवं! फकस्त रविवार मोकळा सोडलाय. त्या दिशी इस्लामपूरचा जुना दोस्त फोन करतो, 'बरा हाईस न्हवं रं?'"

"दर रविवारी?"

"व्हय. मी म्हनतो, 'बरं न्हाई गड्या, चहाला ये.' आन् येतो बी."