एकच टाइल

आज देवांची पितळी भांडी चिंचेने घासायला घेतली होती. समई झाली, ताम्हन अर्धं झालं आणि नळाचं पाणी गेलं. धोंडीराम मिस्त्रींनी खालचा कॉक बंद केला होता. तसेच आंबट हात घेऊन मी बाथरूमच्या दारात उभी राहिले.

इंदिरानगरातल्या निम्म्या घरांचे नळ मिस्त्रींच्या हातचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला, मूठ कानाला लावून ते आतली गळती सांगायचे. ते सांगतील तिथे फोडलं की पाणी निघायचंच. पण गेल्या वर्षापासून त्यांना बारीक आवाज ऐकू येईनासे झाले. हाताखाली चार जण ठेवून पाहिले, चौघांनाही परत पाठवलं. म्हणाले, "हात सगळ्यांनाच असतात, वहिनी. ऐकायला कुणी बसत नाय."

पाचवा हा मंगळू. पेठ तालुक्याकडचा, तिशीचा, द्राक्षबागेत मजुरी करणारा. महिनाभर पारखून बघायची बोली होती, ती मुदत आज संपत होती.

आमच्या देवघराची भिंत बाथरूमला लागून. ती खालून ओली झालेली.

"एकच टाइल फोडायची," मिस्त्रींनी बजावलं. "चुकलास तर बाग आहेच तुझी."

मंगळूने मिस्त्रींनाच कॉक पुन्हा उघडून यायला सांगितलं. पाणी चालू असल्याशिवाय बोलणार कसं, म्हणे. मग मला म्हणाला, "बाई, पंखा बंद करा. ते घड्याळबी."

मी देवघरातलं घड्याळ काढून पदरात गुंडाळलं. त्याने भिंतीला नुसता कान लावला. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत पाण्याचा झिरा शोधतात, तसा तो इंच इंच सरकत होता. मी मनात रामरक्षा म्हणत होते, तीही ओठ न हलवता.

ओलीपासून चांगलं दोन हात वर त्याने बोट ठेवलं. "हितं हाय."

"तिथे तर खडखडीत कोरडं आहे!" मी म्हणाले.

मिस्त्रींनी सवयीने स्क्रूड्रायव्हर लावला आणि खाली घेतला. "मला काय बी ऐकू येत नाय," म्हणाले आणि हातोडी मंगळूच्या हातात दिली.

टाइल निघाली. मागे पाइपाचं जुनं बुजवलेलं तोंड, आणि त्याच्या बुचाशी पाण्याचा केसाएवढा धागा. माझे हात आपोआप जोडले गेले.

कॉक बंद करून मंगळूने नव्या बुचाच्या आट्यांवर सूत गुंडाळलं, वर गळती रोखणारा सफेदा लावला, बूच आवळलं. पाणी सोडलं, तर टप्, टप्. तो डावरा. सूत उलटं गुंडाळलं गेलं, आवळताना सगळं बाहेर आलं. तो पिशवी उचलायला लागला.

"बस खाली," मिस्त्री ओरडले. "कान काय मी दिले तुला? हात देतो, ते तरी घे."

आणि बासष्ट वर्षांचा तो माणूस त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. सूत स्वतःच्या डाव्या हातात धरलं. दोनदा सुटलं, दोनदा शिवी हासडली, तिसऱ्यांदा सुलटं बसलं. "असं. आता तू." चाळीस वर्षांची सवय मोडून शिकवणारा गुरू मी पोथीत वाचला होता, बाथरूममध्ये आज पाहिला. मंगळूने तसंच सूत गुंडाळून बूच पुन्हा आवळलं.

पाणी सोडलं. थेंब नाही. मी उरलेलं ताम्हन घासलं, चहा टाकला.

"साखर कमी, वहिनी, आणि जरा लवकर," मिस्त्री म्हणाले. "हार्डवेअरच्या दुकानात जायचंय. मंगळूसाठी पाइप-पाना घ्यायचाय."